शत्रूची साक्ष

(पुण्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. आयोजकांनी मला विषय दिला ‘महासत्तांची स्पर्धा आणि मानवी हक्कांचा पेच’. मी परराष्ट्र धोरणाचा अभ्यासक नाही. शिवाजीनगरच्या कोर्टात फौजदारी खटले चालवण्यात माझी हयात गेली. त्यामुळे या विषयाकडे मी वकिलाच्याच नजरेने बघणार, हे आधी सांगून ठेवतो. ज्यांना क्षेपणास्त्रांचे पल्ले ऐकायचे असतील त्यांची निराशा होईल.

आपल्याकडे या विषयावर वाद कसा होतो ते तुम्हाला माहीतच आहे. सकाळी टेकडीवरून उतरताना किंवा संध्याकाळी कट्ट्यावर कुणीतरी चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइघुर मुसलमानांच्या छावण्यांचा विषय काढतो. दुसरा लगेच विचारतो, हे सांगतंय कोण? अमेरिका? मग इराकचं काय, ग्वान्टानामोच्या तुरुंगाचं काय? उलट बाजूनेही तेच. कुणी गाझाबद्दल बोललं की तिसरा म्हणतो, चीन आणि रशियाने मानवी हक्कांच्या गप्पा मारायच्या म्हणजे कमालच झाली. तेवढ्यात चहा येतो आणि विषय बदलतो. गंमत अशी की यातलं कुणीच चुकीचं बोललेलं नसतं. बोलणाऱ्याच्या हेतूबद्दलचा संशय बहुतेक वेळा रास्तच असतो. पण ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्या माणसाचं काय झालं, तो छावणीत आहे की नाही, हा प्रश्न होता तिथेच राहतो.

कोर्टात हे रोज घडतं. गावात खून होतो, आणि पाहणारा साक्षीदार असतो मयताचा भाऊ, किंवा ज्याचं आरोपीशी बांधावरून वर्षानुवर्षं भांडण आहे असा शेजारी. बचावाचा वकील उलटतपासणीला उठतो आणि पहिला प्रश्न टाकतो, ‘तुमचं आणि आरोपीचं वैर आहे, हे खरं ना?’ हा प्रश्न मी स्वतः असंख्य वेळा टाकलेला आहे. साक्षीदार ‘हो’ म्हणाला की मागे बसलेल्या आरोपीच्या नातेवाइकांना वाटतं, जिंकलो. तसं नसतं. १९५३ सालच्या दलीपसिंग खटल्यात न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी या मुद्द्याचा छान उलगडा केलेला आहे. हे आपल्या नागपूरचे, तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. त्यांचं सांगणं थोडक्यात असं की साक्षीदार मयताच्या नात्यातला आहे, एवढ्यावरून त्याची साक्ष बाद होत नाही. वैर असेल तर सावध राहा, बारकाईने तपासा. पुढे आपल्या न्यायालयांनी वारंवार म्हटलं की वैर ही दुधारी गोष्ट आहे. वैरापोटी माणूस खोटं गुंतवतो, आणि वैरापोटीच माणूस खूनही करतो. म्हणून हितसंबंधी साक्षीदाराची साक्ष फेकायची नाही, तिला पूरक पुरावा शोधायचा.

महासत्ता म्हणजे जगातले सगळ्यात मोठे हितसंबंधी साक्षीदार. आणखी एक गोष्ट. हे साक्षीदार फितूर होतात. आज पोलिसांपुढे एक जबाब, उद्या कोर्टात दुसरा. त्यांचा जबाब कधी बदलतो हे नीट पाहिलं, तर या पेचातलं बरंचसं उलगडतं.

सुरुवात १९७१ पासून करू, कारण ही गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे असं आपल्याला वाटतं. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. तिथल्या अमेरिकी वकिलातीचे प्रमुख होते आर्चर ब्लड. त्यांनी वॉशिंग्टनला तारांवर तारा पाठवल्या. आणि ६ एप्रिलला जी तार गेली तिला अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या इतिहासात तोड नाही. ढाक्यातल्या वीस अमेरिकी अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारचा निषेध नोंदवला होता. लोकशाहीची गळचेपी चालली आहे, आपलं सरकार तिचा निषेध करत नाही, हे नैतिक दिवाळं आहे, असा त्या तारेचा सूर. ब्लड यांनी तिला पाठिंबा देऊन ती पुढे धाडली. त्यांना ढाक्यातून परत बोलावण्यात आलं.

आता विचार करा. साक्षीदार अमेरिकेचाच, पुरावा अमेरिकेच्याच हातात, आणि तरी अमेरिका गप्प. का? कारण पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान हे त्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि चीनचे माओ यांच्यातले निरोपे होते. जुलैमध्ये निक्सन यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानात आले, पोट बिघडल्याची थाप मारली आणि गुपचूप विमानाने पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, जाऊन आले. रशियाला शह द्यायला चीन हवा होता, आणि चीनकडे जाणारी वाट इस्लामाबादवरून जात होती. त्या वाटेवर पूर्व बंगालमधली माणसं आडवी आली, इतकंच. एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्याकडे आले. चीनची भूमिकाही तीच, हा पाकिस्तानचा अंतर्गत प्रश्न आहे.

इथपर्यंत आपल्याला बरं वाटतं. पण पुढे बघा. ९ ऑगस्टला आपण मॉस्कोशी मैत्रीचा करार केला आणि डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव आले तेव्हा सोव्हिएत संघाने तीन वेळा नकाराधिकार वापरला. म्हणून आपल्या सैन्याला वेळ मिळाला, ढाका मोकळं झालं. मॉस्कोला बंगाली माणसाच्या हक्कांचा कळवळा होता का? याच मॉस्कोने तीनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९६८ मध्ये, चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये, रणगाडे घातले होते. तेव्हा सुरक्षा परिषदेत निषेधाचा ठराव आला आणि आपण तटस्थ राहिलो. बांगलादेशाच्या माणसाला जी मदत मिळाली ती अशा हातांनी मिळाली. म्हणून ती मदत खोटी ठरते का? ज्याचं घर जळत होतं त्याला जाऊन विचारा. मला तरी हे उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला आहे असं वाटत नाही.

कंबोडियाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना मला अजूनही चीड येते. १९७५ ते ७९ या काळात पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीत पंधरा लाखांहून जास्त माणसं मेली, देशाच्या लोकसंख्येचा जवळजवळ चौथा हिस्सा. १९७९ च्या जानेवारीत व्हिएतनामच्या फौजांनी ही राजवट उलथली. व्हिएतनाम मॉस्कोच्या गोटातला. त्यामुळे चीन आणि अमेरिका, दोघेही एका बाजूला आले, आणि संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्याच प्रतिनिधीकडे राहिली. कवट्यांचे ढीग सापडल्यानंतरसुद्धा! भारताने १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली. तीही काही निखळ करुणेतून नव्हे, मॉस्कोशी आपली जवळीक होतीच.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग स्पर्धा ही हक्कांची वैरीणच. तसं सरळ असतं तर व्याख्यान इथेच संपवलं असतं.

१९५२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने तिथल्या सर्वोच्च न्यायालयात एक निवेदन दाखल केलं. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळांचा खटला होता तो. सरकारचं म्हणणं होतं की वर्णभेदामुळे कम्युनिस्टांच्या प्रचाराला आयतं दळण मिळतं आणि मित्रराष्ट्रांच्या मनातही आपल्याबद्दल शंका येते. १९५४ मध्ये निकाल लागला, वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. व्हॉइस ऑफ अमेरिकाने ती बातमी तातडीने जगभर ऐकवली. निकाल केवळ शीतयुद्धामुळे लागला असं म्हणणं हा तिथल्या काळ्या वकिलांवर अन्याय होईल. त्यांनी अनेक वर्षं एकेक खटला लढवून ती पायरी गाठली होती. पण सरकार त्यांच्या बाजूने उभं राहिलं यात मॉस्कोच्या टोमण्यांचा वाटा होता, हे त्या कागदातच लिहिलेलं आहे. सोव्हिएत वर्तमानपत्रं अमेरिकेतल्या काळ्यांबद्दल लिहायची ती प्रेमापोटी नव्हे; तिकडे स्वतःच्या छावण्यांत लाखो माणसं खपत होती. तरीही बातमी खरी होती.

दुसरं उदाहरण हेलसिंकीचं. वकील म्हणून हे मला सगळ्यात आवडतं, म्हणून जरा रेंगाळतो. १ ऑगस्ट १९७५ रोजी पस्तीस देशांनी तिथे एका दस्तावर सह्या केल्या. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना हवं होतं ते एकच. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात ज्या सीमा पडल्या त्यांना पश्चिमेची मान्यता. ती मिळाली. बदल्यात पश्चिमी देशांनी मानवी हक्कांची, माणसांच्या जाण्यायेण्याची, माहितीच्या देवाणघेवाणीची कलमं घालून घेतली. मॉस्कोला वाटलं, कलमं काय, घाला हवी तेवढी. अमेरिकेतही अनेकांनी अध्यक्ष फोर्ड यांच्यावर टीका केली की तुम्ही पूर्व युरोप विकून आलात. म्हणजे दोन्ही बाजूंना ती कलमं शोभेचीच वाटत होती.

पण ‘प्रावदा’ या सोव्हिएत पक्षाच्या वर्तमानपत्राने तो दस्त अख्खा छापला. आपला विजय म्हणून छापला! आणि मॉस्कोतल्या एका पदार्थवैज्ञानिकाने, युरी ऑर्लोव्ह यांनी, तो शब्दन् शब्द वाचला. मे १९७६ मध्ये त्यांनी मूठभर माणसांचा गट काढला. काम साधं होतं. सरकारने सही करून जे कबूल केलं ते पाळलं जातं का, याची नोंद ठेवायची आणि सह्या करणाऱ्या देशांच्या वकिलातींना ती पाठवायची. चेकोस्लोव्हाकियातही तेच झालं. तिथल्या सरकारने संयुक्त राष्ट्रांचे दोन्ही हक्क-करार आपल्या कायद्यांच्या राजपत्रात छापले होते. जानेवारी १९७७ मध्ये नाटककार व्हाक्लाव हावेल आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच राजपत्राचा हवाला देऊन सनद काढली. तुमचाच कायदा, तुमचीच सही, आता पाळा. वकिली भाषेत याला विरुद्ध पक्षाची कबुली म्हणतात, आणि तिच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. ऑर्लोव्ह यांना सात वर्षं श्रमछावणी आणि पाच वर्षं हद्दपारीची शिक्षा झाली. हावेलही तुरुंगात गेले. एका रात्रीत काही बदललं नाही. पण महासत्तांनी एकमेकींवर मारायला घडवलेलं ते हत्यार तिसऱ्याच माणसांच्या हाती लागलं, आणि ते ज्यांनी उचललं ते कुणाचेही हस्तक नव्हते.

आता आजच्या जोडीकडे येऊ, अमेरिका आणि चीन.

हक्कांचे जे दोन करार मी म्हणालो, ते १९६६ चे. एक नागरी आणि राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा. खरं तर एकच करार व्हायचा होता. शीतयुद्धाच्या ओढाताणीत दोन झाले. आज स्थिती अशी की अमेरिकेने पहिला १९९२ मध्ये पक्का केला. दुसऱ्यावर १९७७ मध्ये सही केली आणि तो तसाच पडू दिला. चीनने दुसरा २००१ मध्ये पक्का केला. पहिल्यावर १९९८ मध्ये सही केली आणि तो तसाच पडू दिला. म्हणजे माणसाच्या हक्कांची वाटणी झाली, आणि प्रत्येकाने आपल्या सोयीचा हिस्सा उचलला. भारताने १९७९ मध्ये दोन्ही स्वीकारले, काही राखीव अटी घालून. याबद्दल आपण स्वतःची पाठ जरूर थोपटावी, पण फार जोरात नको. त्याकडे येतोच.

चीनचा युक्तिवाद आपल्याला ठाऊक आहे. आधी भाकरी, मग भाषणस्वातंत्र्य. जागतिक बँकेच्या हिशेबाने चाळीस वर्षांत तिथले सुमारे ऐंशी कोटी लोक अतिगरिबीतून वर आले. हे काम लहान नाही आणि त्याला हिणवणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण भाकरी आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र मला मान्य नाही. १९५९ ते ६१ च्या दुष्काळात त्याच चीनमध्ये कोट्यवधी माणसं उपासमारीने गेली. खालचे अधिकारी वर खोटे आकडे पाठवत होते आणि त्यांना खोटं ठरवणारं वर्तमानपत्र नव्हतं, विरोधी पक्ष नव्हता, मोर्चा नव्हता. त्याच्याशेजारी आपला बहात्तरचा दुष्काळ ठेवून पाहा. इथे बसलेल्या काहींनी मिलो खाल्ला असेल, सुकडी खाल्ली असेल. तेव्हा या महाराष्ट्रात मोर्चे निघाले, घेराव झाले, विधानसभा दणाणली, वर्तमानपत्रांनी गावोगावच्या बातम्या छापल्या. १९७३ च्या मे महिन्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. हाल प्रचंड झाले, पण चीनसारखी उपासमारीची लाट आली नाही. पुढे वि. स. पागे यांच्या खटपटीतून रोजगार हमीचा कायदा झाला. त्या मोर्चातल्या बाईला विचारलं असतं की तुला भाकरी हवी की बोलण्याचं स्वातंत्र्य, तर तिने लाटणं दाखवलं असतं.

आणि अमेरिका? जून १९८९ मध्ये पेकिंगच्या तिआनानमेन चौकात निदर्शकांची कत्तल झाली. जाहीर निषेध झाला, निर्बंध आले, आणि महिना उलटायच्या आतच अध्यक्ष बुश यांचे सुरक्षा सल्लागार स्कोक्रॉफ्ट गुपचूप पेकिंगला जाऊन आले. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी आदेश काढला की चीनच्या व्यापारी सवलती मानवी हक्कांच्या सुधारणेवर अवलंबून राहतील. एका वर्षात, मे १९९४ मध्ये, त्यांनीच ती गाठ सोडली. मोठमोठ्या कंपन्यांना ती बाजारपेठ हवी होती. तेव्हा सांगितलं गेलं की व्यापार वाढला की मोकळेपणा आपोआप येईल. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. माल आला, पैसा आला. मोकळेपणा यायचा राहिला.

आता साक्षीदार फितूर होतो म्हणजे काय, त्याचं अगदी पाठ्यपुस्तकी उदाहरण. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला. दहशतवादाविरुद्धच्या लढाईत अमेरिकेला चीनची साथ हवी होती. २००२ मध्ये तिने उइघुरांच्या ‘पूर्व तुर्कस्तान इस्लामी चळवळ’ या संघटनेला दहशतवादी ठरवलं, जे चीनला फार दिवसांपासून हवं होतं. अफगाणिस्तान-पाकिस्तानात पकडलेले बावीस उइघुर ग्वान्टानामोत डांबले गेले, आणि चिनी अधिकाऱ्यांना तिथे येऊन त्यांची चौकशी करू दिली गेली. पुढे अमेरिकेलाच उमगलं की ही माणसं आपली शत्रू नाहीत. चीनला परत द्यावीत तर छळ होणार, स्वतःकडे घ्यायची तयारी नाही. मग कुणी अल्बानियात, कुणी बर्म्युडात, कुणी पलाऊ नावाच्या चिमुकल्या बेटावर. शेवटचे तिघे सुटले ते डिसेंबर २०१३ मध्ये, स्लोव्हाकियात. २०२० येईपर्यंत चीन प्रतिस्पर्धी झालेला होता. त्या वर्षी तीच संघटना अमेरिकेच्या यादीतून निघाली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये कायदा झाला की शिनजियांगमधला माल सक्तीच्या मजुरीचाच आहे असं गृहीत धरलं जाईल. तसं नसल्याचं आयात करणाऱ्याने सिद्ध करायचं.

उइघुर तेच, प्रांत तोच, अमेरिकेची गरज तेवढी बदलली. आणि अजून गोष्ट संपलेली नाही. शिनजियांगमधल्या छावण्यांची बातमी सर्वांत आधी देणाऱ्यांत रेडिओ फ्री एशियाची उइघुर भाषेतली सेवा होती. अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणारी, हितसंबंधी साक्षीदारच म्हणा. तिच्यातल्या काही बातमीदारांचे नातेवाईक चीनमध्ये त्यापायी अटकेत गेले. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने तो पैसा तोडला आणि मे महिन्यात उइघुर आणि तिबेटी सेवा बंद करण्याची घोषणा झाली. चीनला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते वॉशिंग्टनमध्येच पार पडलं.

तर मग शिनजियांगमध्ये झालं काय, हे कसं ठरवायचं? अमेरिकेची साक्ष बाजूला ठेवा. पूर्ण बाजूला. उरतं काय ते बघा. उपग्रहातून काढलेली छायाचित्रं उरतात, ती कुणीही विकत घेऊ शकतो. कुंपण, टेहळणीचे मनोरे, वाढत गेलेल्या इमारती. स्थानिक चिनी सरकारी कार्यालयांच्या निविदा उरतात, काटेरी तारेच्या, कॅमेऱ्यांच्या, ज्या त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केल्या होत्या. २०१९ मध्ये फुटलेली अंतर्गत कागदपत्रं उरतात, ज्यांत ‘विद्यार्थी’ पळून जाऊ नयेत म्हणून काय बंदोबस्त करायचा हे लिहिलं आहे. आणि आरोपीचा बदललेला जबाब उरतो. ऑगस्ट २०१८ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे चीनने सांगितलं की अशा छावण्या नाहीतच. ऑक्टोबरमध्ये सांगितलं, आहेत, पण ती व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं आहेत. कोर्टात आरोपीने आधी ‘मी तिथे नव्हतोच’ आणि मग ‘होतो, पण त्याला वाचवायला गेलो होतो’ असं सांगितलं तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयुक्त मिशेल बाशेले यांनी ३१ ऑगस्ट २०२२ च्या रात्री, स्वतःची मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना, अहवाल प्रसिद्ध केला. हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असं त्यात म्हटलं आहे.

हीच पद्धत गाझालाही लावा. चीन, रशिया काय म्हणतात ते सोडून द्या. तिथली रुग्णालयं, तिथले डॉक्टर, संयुक्त राष्ट्रांची धान्याची नोंद आणि इस्रायली मंत्र्यांची स्वतःची जाहीर वक्तव्यं एवढं घेऊन बसा. मग सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या ठरावांवर अमेरिकेने पुन्हा पुन्हा वापरलेला नकाराधिकार कसा दिसतो ते बघा. शिनजियांगवर बोट दाखवणारा हात आणि गाझाच्या ठरावाविरुद्ध वर होणारा हात एकच आहे, यात शंका नाही. त्यामुळे शिनजियांगमधल्या कुंपणाची एक तारही कमी होत नाही.

आता आपल्या घरात. तिबेटचा प्रश्न १९५९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आला. दलाई लामा त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याकडे आले होते, छळाच्या कहाण्या आपण स्वतः ऐकत होतो. मतदानात आपण तटस्थ. १९६५ मध्ये पुन्हा ठराव आला. मध्ये बासष्टचं युद्ध होऊन गेलं होतं. या वेळी भारताने बाजूने मत दिलं, आणि आपल्या वतीने तिबेटी जनतेच्या हालांवर कडक भाषण केलं ते महाराष्ट्राच्याच रफिक झकेरियांनी. भाषणात खोटं काही नव्हतं. फक्त सहा वर्षांपूर्वीही ते तितकंच खरं होतं.

आणि आणीबाणी. येरवडा इथून किती लांब आहे? समाजवादी, संघाचे, जनसंघाचे, सर्वोदयी, सगळे तिथे एकाच भिंतीआड होते. मॉस्कोचा आणीबाणीला पाठिंबा होता. जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले तेव्हा त्यांच्या जिवाची काळजी करत दिल्लीकडे शब्द टाकणारे विली ब्रांट, क्रायस्की आणि पाल्मे, म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडनचे समाजवादी नेते. दिल्लीचं त्या काळातलं ठरलेलं उत्तर होतं, परकीय हात. आज हेच दोन शब्द कोण वापरतं, याची यादी मी करत बसत नाही. त्या वेळी तुरुंगात असलेल्यांचे वारसही आज ते वापरतात, एवढं म्हणून पुढे जातो. जाता जाता पुण्याचा एक दुखरा भाग. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की आणीबाणीत स्थानबद्धाला कोर्टाचं दार बंद. त्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते, आपल्या नूतन मराठी विद्यालयाचे आणि आयएलएस लॉ कॉलेजचे विद्यार्थी. सुनावणीत न्यायमूर्ती खन्ना यांनी महान्यायवादींना विचारलं होतं की पोलिसाने निव्वळ वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तरी दाद नाही का? उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर नाही. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो जुना निकाल मोडीत काढला. ते लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव होते. एकेचाळीस वर्षं लागली, पण हे कुठल्याही महासत्तेने सांगून झालं नाही.

माझं बोलणं संपलं. प्रश्न घेतो. प्रश्नच विचारा, आपल्या शहरात प्रश्नाच्या जागी दुसरं व्याख्यान होण्याची परंपरा आहे.

(एका श्रोत्याने विचारलं की हे सगळं ठीक, पण व्यवहार बघायला नको का? चाकणच्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग आणि चुंबकं चीनमधून येतात.)

बघायला हवा. तुम्हाला तळेगावचं आठवत असेल. जनरल मोटर्सचा कारखाना चीनची ग्रेट वॉल मोटर्स घेणार होती, जून २०२० मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करारही झाला. त्याच महिन्यात गलवान झालं आणि सगळं थांबलं. शेवटी २०२३ मध्ये तो कारखाना ह्युंदाईने घेतला. म्हणजे आपण किंमत मोजतच नाही असं नाही. आपले वीस जवान गेले तेव्हा ती मोजली, आणि योग्यच केलं. माझं म्हणणं इतकंच की व्यवहाराचं कारण असेल तर ते तसंच सांगा. आमची चुंबकं अडतील म्हणून आम्ही बोलत नाही, असं कुणी सरळ म्हणालं तर मला त्याचा आदर वाटेल. ‘दोन्हीकडचे सारखेच’ असं म्हणून त्याला तत्त्वज्ञान करू नका.

(दुसरा प्रश्न आला, एका विद्यार्थिनीचा. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत शिनजियांगवर मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला. तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं?)

बाजूने मत दिलं असतं. का ते सांगतो. तो ठराव चीनला दोषी धरणारा नव्हता. निर्बंध नव्हते, चौकशी आयोगसुद्धा नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या स्वतःच्याच अहवालावर पुढच्या सत्रात चर्चा व्हावी, एवढीच मागणी. कोर्टात म्हणायचं तर तारीख मागितली होती. ती एकोणीस विरुद्ध सतरा मतांनी नाकारली गेली, अकरा तटस्थ. पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिराती, सगळे विरोधात. नेपाळही विरोधात. तटस्थांत भारत, ब्राझील, मलेशिया; युक्रेनसुद्धा, ज्याने नंतर आपलं मत बदलून घेण्याची इच्छा दाखवली. आपल्या परराष्ट्र खात्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं की शिनजियांगमधल्या लोकांच्या हक्कांचा आदर व्हायला हवा. म्हणजे मत आहे, फक्त ते मतपेटीत टाकायचं नाही.

तुम्ही म्हणाल, सीमेवर चीनचं सैन्य उभं आहे, आपल्याला परवडतं का? हा प्रश्न खरा आहे. पण तटस्थ राहून ते सैन्य मागे सरकलं नव्हतं. आणि काश्मीरवर उद्या असा ठराव येईल ही भीती असेल, तर तो यायचा तेव्हा येईलच, आपण शिनजियांगवर गप्प बसलो म्हणून कुणी उपकार मानणार नाही. त्या सतरा मतांत आफ्रिकेतलं एकच मत होतं, सोमालियाचं. चीनला नाराज करणं त्यांना आपल्यापेक्षा जास्त परवडतं, असं मला तरी वाटत नाही.